वन्संना फक्त वाचायची परवानगी

३ मार्च, सोमवार

‘नवं पान’चं बटण हललं! सहा वर्षं डावीकडे होतं, आज उजवीकडे, तेही तीन ठिपक्यांच्या मागे दडून. वर पाटी — ‘आम्ही तुमच्यासाठी सगळं सोपं केलं आहे.’ कोणी सांगितलं होतं? विणकामाचे नमुने लिहायचे, बाहीला किती टाके, गळ्याला किती, कुठे सुलट, कुठे उलट — एवढंच माझं काम. त्याला हे रंगीत कोपरे आणि ‘आज कसं वाटतंय?’ कशाला? वाईट वाटतंय. लिहू का तसं?

ठरलं. ही ऑनलाइन लिहायची सेवा सोडायची.

५ मार्च, बुधवार

नव्या सेवेचा पासवर्ड. मोठं अक्षर हवं, आकडा हवा, चिन्ह हवं, आधी कुठे वापरलेला नको. माझं लग्न जमवताना इतक्या अटी नव्हत्या.

८ मार्च, शनिवार

चार सेवा वापरून पाहिल्या. नाकी नऊ आले. माझं आपलं स्पष्ट मत — सेवा निवडताना आधी बाहेर पडायचा रस्ता बघावा. आत घेताना सगळेच पायघड्या घालतात. आपलं लिखाण सरळ बाहेर काढून देतात का, खातं बंद करायचं बटण सापडतं का, एवढं बघावं. पहिलीत ते बटणच सापडलं नाही. दुसरी मला विचारते, ‘हे वाक्य अधिक उत्साही करू का?’ दोन सुलट, दोन उलट — यात उत्साह कुठे घालणार? तिसरी दर वेळी फोनवर आकडे पाठवते, आणि फोन नेमका खाली स्वयंपाकघरात. जिने चढून-उतरून गुडघे गेले. चौथी साधी. पांढरं पान, काळी अक्षरं, गप्प. हीच.

शिवाय चौथीत एक सोय चांगली आहे. कोणाला लिहायची परवानगी आणि कोणाला नुसती वाचायची, ते मी ठरवायचं.

९ मार्च, रविवार

जेवताना विषय काढला. वन्सं लगेच म्हणाल्या, आहे तिथे काय वाईट आहे? यांच्या या थोरल्या बहिणीला काहीही नवीन काढलं की हेच सुचतं.

आता लिहूनच टाकते, इथे कोण वाचतंय! नमुना मी लिहायचा, त्यांनी तो विणून बघायचा, मग विकायला ठेवायचा, अशी आमची वाटणी. पण एक स्वेटर विणायला या बाईंना तीन-तीन आठवडे लागतात. विणतात, उसवतात, पुन्हा विणतात. आणि मी नमुन्यावर ‘अंतिम’ लिहून ठेवलं की दुसऱ्या दिवशी त्या फाइलमध्ये वन्संचं नाव लुकलुकतंय! काय करता म्हणून विचारलं तर ‘काही नाही गं, बघत होते.’ अंतिममध्ये बघायचं काय?

हे नेहमीसारखे भाताकडे बघत बसले. शेवटी म्हणाले, तिलाही फाइलींत हात घालू दे की. मी म्हटलं, तुम्ही यात पडू नका.

१२ मार्च, बुधवार

सगळं नव्या घरात हलवलं. जुनं खातं बंद करायला टाकलं, चौदा दिवसांनी कायमचं पुसलं जाईल. वन्संना फक्त वाचायची परवानगी.

त्या दोनदा वर आल्या. दुसऱ्यांदा दारातच उभ्या राहून म्हणाल्या, “मला लिहिता येईल असं ठेव ना.” मी म्हटलं, विणा तुम्ही, लिहायचं मी बघते. त्या खाली गेल्या. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

१७ मार्च, सोमवार

मुलांच्या स्वेटरचा नमुना विकायला ठेवला. वन्सं म्हणत होत्या, थांब जरा, बाह्या होऊ देत. किती थांबायचं माणसानं? त्यांचा स्वेटर अजून सुयांवरच आहे.

२१ मार्च, शुक्रवार

एका आजोबांचं पत्र. फार सभ्य. उजव्या बाहीला बासष्ट टाके आणि डावीला अठ्ठेचाळीस, हे मुद्दाम आहे का, असं विचारलंय. संध्याकाळी आणखी एक पत्र, गळ्यातून मुलाचं डोकंच जात नाही म्हणून.

नव्या सेवेनं आकडे खाल्ले! खरमरीत तक्रार लिहिली. उत्तर आलं — तुम्ही टाइप केलेलं आम्ही बदलत नाही. म्हणे! सहा वर्षांत एक चूक नाही माझी, गिऱ्हाइकं तेवढ्यासाठीच आमच्याकडे येतात. जुन्या सेवेत प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो, कोणी केला, कधी केला. खातं पुसायच्या आत तो काढून या नव्या सेवेच्या तोंडावर टाकते.

२२ मार्च, शनिवार

काढला इतिहास.

मी लिहिलेलं — सेहेचाळीस. दुसऱ्या दिवशी, वन्सं — चौसष्ट. मी — दहा ओळी उलट. वन्सं — दहा ओळी सुलट. नमुन्यामागून नमुने, माझ्या ‘अंतिम’नंतर. एका जाकिटाला तर मी पाठच लिहिली नव्हती! ती अख्खी वन्संनी लिहिलीय, माझ्याच शब्दांत, मलाही ओळखू आली नाही.

आधी डोकंच फिरलं. माझ्या पाठीमागे! मग लाज वाटली. मग तारखा बघितल्या. पहिल्या वर्षी तीन दुरुस्त्या. तिसऱ्या वर्षी दहा-बारा. गेल्या वर्षाच्या मोजता मोजता मी थांबले.

यांना दाखवलं. यांना नवल वाटलं नाही. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले.

खाली गेले. वन्सं बाही उसवत होत्या. का सांगितलं नाहीत, म्हणून विचारलं. त्यांनी सुया बाजूला ठेवल्या.

“सांगणारच होते गं. आधी वाटलं, तुझ्या चष्म्याचा नंबर वाढला असेल.”

२४ मार्च, सोमवार

चष्म्याचा नंबर तोच आहे. डोळे उत्तम, म्हणाले डॉक्टर, आणि मेंदूच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली. घरी येऊन वन्संना लिहायची परवानगी दिली, सगळ्या फाइलींत. मला लिहायची ठेवायची की नुसती वाचायची, ते आता त्यांनी ठरवावं.