डोलता बँड माझ्यामागे कोणाचा

मी सहदेव धाकलू रोकडे, वय एकोणतीस, धर्म बौद्ध, धंदा बँडमास्तर आणि गाणी बांधणे, राहणार पोशीर, तालुका कर्जत, जिल्हा कुलाबा, हे माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. आज ताप नाही, दारू घेतलेली नाही, शेजारी बसून कोणी सांगत नाही. अक्षर वाकडं आहे ते सातवीपासून तसंच आहे, त्यावरून कागद खोटा ठरवू नये.

येत्या बुधवारी मुंबईच्या इस्पितळात माझ्या हृदयाची झडप उघडून बघणार आहेत. डॉक्टर म्हणाले, कागदपत्रं करून या. एवढा हसरा माणूस असं म्हणाला, तेव्हा काय ते समजलो. म्हणून खालीलप्रमाणे.

१. घर बाबांच्या नावावर आहे, त्यावर माझा बोलायचा अधिकार नाही. पोस्टात जे असेल ते आई अंबाबाईला. माझा बँडचा निळा कोट थोरला भाऊ कमळाकर याला. खांद्यात घट्ट होईल, होऊ दे.

२. व्हायोलिन पेटीसकट शकू गोमा ठोंबरे, राहणार शेलू, हिला. पंधराव्या वर्षी घरातून निघालो तो नेरळहून चालत माथेरानला गेलो आणि पाहुण्यांच्या बॅगा वाहिल्या. तिथे एका हॉटेलात गोव्याचे मिंगेल मास्तर संध्याकाळी साहेबी नाचाची गाणी वाजवायचे. मी भटारखान्याच्या दारातून ऐकायचो. मला त्यात आमची हळदीची गाणी ऐकू यायची, फक्त एक पाऊल मागे घेऊन पुढे टाकलेली. मास्तरांना सांगितलं तर म्हणाले, वाजवून दाखव. येत नव्हतं, म्हणून शिकलो. दोन वर्षांनी खाली आलो आणि हळदीच्या गाण्यांना व्हायोलिन, क्लॅरोनेट आणि हवाईयन गिटार लावली. पुढे शकूची ढोलकी आली, तेव्हा कुठे माणसं बसल्या जागी डोलायला लागली. मधे मिरजेला तारा आणायला म्हणून गेलो तो चार महिने राहिलो, ते असो.

शकू माझी कोण, असं नेरळच्या बाजारात फार विचारतात. नवरा सोडलेली बाई आणि बिनलग्नाचा बँडमास्तर, लोकांना पुढचं आपोआप सुचतं. लिहून ठेवतो: मी चुकलो तर भर मांडवात ठेका थांबवणारी ती एकटीच आहे.

३. लोखंडी घडीच्या खुर्च्या, नग आठ, बँडच्या. विकायच्या नाहीत, पंगतीला द्यायच्या नाहीत. युनिफॉर्म शिवायच्या आधी मी या घेतल्या. बाबांनी छप्पन्न साली गावकीचं वाजाप टाकलं, डफ नदीत सोडला. त्याआधी सगळी उमर देवळाच्या पायरीखाली आणि पाटलाच्या अंगणाबाहेर उभ्याने वाजवलं होतं. मी व्हायोलिन घेऊन घरी आलो तेव्हा म्हणाले, "आमी वाजाप टाकलं ते तुज्या गळ्यात बांधायला काय रं?" मी म्हणालो, "तुमाला वाजवायला लावायचे, बाबा. मी वाजवतो." त्यानंतर बारा वर्षं ते माझा बँड ऐकायला आले नाहीत. पण त्याच दिवशी ठरवलं, माझा माणूस बसून वाजवेल, मिंगेल मास्तरांचा बसायचा तसा.

खालापूरकडल्या एका लग्नात मुलीचे मामा मालोजी आडवे आले. म्हणाले, "पाव्हनं उभं आन वाजापवालं खुर्चीवर, असं कुटं असतंय व्हय?" शकू म्हणाली, "पाव्हन्यांना बसवायचं काम तुमचं हाय मामा, आमचं नाय." आम्हाला मांडवाबाहेर काढलं. पण धंद्याचा नियम असा की सुपारी वाद्याच्या पेटीत पडली की वाजवायचंच. आम्ही रस्त्याकडेला खुर्च्या उघडल्या आणि वाजवलं. अर्ध्या तासात मांडवात भटजी आणि मालोजीमामा उरले.

४. मी बांधलेली गाणी दोन वह्यांत आहेत. कोणीही गावीत, अडवू नये. पण 'फाटक लागलं गं बाई' हे एका उत्सव मंडळाने पुस्तिकेत छापलं आणि खाली लिहिलं, पारंपरिक. मी जाऊन बसलो. सेक्रेटरी म्हणाले, एवढं जुनं गाणं तुमचं कसं? मी सांगितलं, एकोणसत्तर साली नेरळच्या फाटकावर बांधलं, गाडी जाईना म्हणून. ते हसले. तरी नोंद असावी की मी पारंपरिक नाही. मी एकोणतीस वर्षांचा आहे.

५. डोलता बँड हे नाव, पाटी, सुपारी घेण्याचा आणि नाकारण्याचा अधिकार, सगळं शकूला. कमळाकरला नाही. भावाला कारण न देता डावललं असं कोणी म्हणू नये, म्हणून कारण लिहितो. मी महिनाभर इस्पितळात असताना एका गावचे लोक चैत्रातल्या पालखीची सुपारी घेऊन आले. अट अशी की बँडने पालखीपुढे अनवाणी चालायचं आणि देवळाशी पायरीच्या खाली थांबायचं. कमळाकरने हो म्हटलं आणि सुपारी माझ्या पेटीत टाकली. मी म्हटलं, परत दे. तो म्हणाला, "देवाची सुपारी कोनी परत करत नाय. त्यात बुधवारी तुजी छाती उघडायचीय. कशाला इषाची परीक्षा?" त्याचा माझ्यावर जीव आहे, म्हणूनच राग जास्त येतो. आमच्या भिंतीवर बावीस प्रतिज्ञा आहेत आणि याने घाबरून सुपारी ठेवून घेतली.

बँडची माणसंही सुपारी परत न्यायला घाबरतात. शकू न्यायला तयार आहे, पण बाईच्या हातून ते लोक घेणार नाहीत. मला चार पायऱ्या चढवत नाहीत. तेव्हा मी जगलो तर स्वतः जाऊन देईन. मेलो तर झडपेने मेलो. सुपारीने मेला असं जो म्हणेल त्याला माझ्या पुण्यानुमोदनाला जेवायला बोलावू नये. आणि बँड त्या पालखीपुढे चालायचा नाही, मी असो की नसो.

साक्षीदार म्हणून बाबांना घेतलं. म्हणूनच त्यांना काही ठेवलेलं नाही. ज्याला मिळतं त्याने साक्ष देऊ नये, असं कर्जतच्या कचेरीबाहेर अर्ज लिहिणारा म्हणाला. बाबांना सगळं वाचून दाखवलं. त्यांना सही येते. पेन हातात घेतलं आणि पाचवं कलम परत वाच म्हणाले. वाचलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, पेटीतली सुपारी काढून रुमालात बांधली आणि चपला घातल्या. कमळाकर दारात उभा राहिला. म्हणाला, "बाबा, पोराचा बुधवार हाय."

बाबा म्हणाले, "म्हनून तर आज जातो."

ते सकाळी दहाला गेले. दुसरे साक्षीदार, गावचे येसाजी गुरुजी, तेव्हापासून ओटीवर बसून आहेत, तीनदा चहा झाला.

चार वाजता बाबा आले. रुमाल झटकून खुंटीला लावला. मी विचारलं, काय म्हणाले ते लोक? बाबा म्हणाले, "त्ये काय म्हनायचं त्ये म्हनले. सई कुटं करायची त्ये दाव."

वरील मजकूर माझा, मला मान्य.
सही: सहदेव धाकलू रोकडे

साक्षीदार पहिले: धाकलू सोमा रोकडे, सही स्वतःच्या हाताने, दुपारी सव्वाचार
साक्षीदार दुसरे: येसाजी राणे, शिक्षक

मुक्काम पोशीर, रविवार, १७ मार्च १९७४