एकशे बेचाळिसावी पिढी

३ नोव्हेंबर २०२५

आज पुन्हा तेच. लॉगिन केलं आणि पडद्यावर — "आलीस? आधी चहा घे, मग मशीनला हात लाव."

इरशादभाईंना जाऊन आठ महिने झाले. आणि हे वाक्य रोज सकाळी पावणेदहाला माझ्या तोंडावर! एप्रिलमध्ये हातानं पुसलं होतं. दोन दिवसांनी मशीन नव्यानं बांधलं, तर परत हजर.

शिकवलं त्यांनीच होतं. "शुभांगी, हे निक्सओएस आहे, कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम. मशीनवर काय असावं ते सगळं एका फाइलीत लिहायचं. फाइलीत आहे ते राहणार, हातानं केलेलं जाणार." म्हणजे फाइल उघडायची, त्यांनी लिहिलेली ती ओळ काढायची. मिनिटाचं काम. होत नाही माझ्याच्यानं.

५ नोव्हेंबर

आमच्या लॅबचे महालिंगप्पा सर भडकलेत. रिपोर्टचं नवं सॉफ्टवेअर बसत नाही. मशीन म्हणतंय, जागा नाही.

६ नोव्हेंबर

जागा का नाही ते मला पक्कं माहीत आहे. सरांना कसं सांगू?

फाइल बदलून मशीन बांधलं की आधीचं रूप मोडत नाही, बाजूला जपून राहतं. इरशादभाई त्याला पिढी म्हणायचे. मशीन चालू होताना सगळ्या पिढ्यांची यादी येते. नवी बिघडली तर बाणाचं बटण दाबून एक घर खाली जायचं, जुनी निवडायची. झालं. शहाणा माणूस शेवटच्या पाच ठेवतो, बाकी काढतो. मी मार्चपासून एकही काढलेली नाही. यादीसाठी ठेवलेला डिस्कचा तुकडा एवढुसा, तो गच्च भरला.

सर म्हणाले, "जुनं काय कवटाळून बसलीस?" म्हटलं, लागतं सर कधी कधी. खोटं! काही लागत नाही.

११ नोव्हेंबर

अजीजाबी चाची आल्या होत्या. इरशादभाईंची आई. दर महिन्याला ईट गावाहून शुगर तपासायला इथं धाराशिवात येतात. भूम जवळ पडतं, तिथंही आमचं केंद्र आहे. पण नाही, मुलाच्या लॅबमध्येच यायचं. रक्त देऊन झालं की माझ्या खोलीत बसतात, पदरातल्या शेंगा टेबलावर ओततात.

"हितंच बसायचा का गं तो?"

"व्हय चाची."

आणि मग दरवेळचं — "त्या दिवशी त्याला फोन कुणी केला, काय कळलं का? त्याचा फोन तर पार चुरा झाला. म्या समद्यांना विचारते. कुणीच सांगत न्हाय."

म्हटलं, "न्हाय कळलं."

जीभ कशी झडली नाही माझी! त्या गेल्यावर शेंगा तशाच पिशवीत भरून ठेवल्या. खाववल्या नाहीत.

१२ नोव्हेंबर

लिहूनच टाकते. वहीला तरी खरं कळू दे.

८ मार्च. रमजान चालू होता, इरशादभाई रजेवर ईटला. मी फाइलीत बदल केला — पिढी एकशे बेचाळीस. मशीन बंद करून चालू केलं तर नेटवर्कच गायब. वाशी आणि भूमच्या केंद्रांचे सगळे रिपोर्ट अडकले. त्यात एका बाईच्या प्लेटलेट्सचा, तातडीचा. डॉक्टर फोनवर ओरडतायत, सर डोक्यावर उभे. शिकवलेलं सगळं डोक्यातून साफ!

बाहेर जाऊन इरशादभाईंना फोन लावला. उचलला नाही. परत लावला. नाही. तिसऱ्यांदा उचलला. झोपेतला आवाज. मी रडायलाच लागले. "या ना, प्लीज या." ते म्हणाले, "घाबरू नको. निघतो."

अकरा दहाला निघाले. अकरा चाळीसला मी मशीन परत चालू केलं. यादी आली. बाण. एक घर खाली. पिढी एकशे एकेचाळीस, त्यांनी स्वतः बांधलेली. मिनिटभरात सगळं सुरळीत!

एक बटण. एक.

येऊ नका सांगायला सात वेळा फोन केला. तेव्हा ते जिवंत होते. गाडीवर होते. खिशात वाजत असणार, हेल्मेटमध्ये ऐकू आलं नसणार. सव्वाबाराला येडशीच्या अलीकडं ट्रकनं…

सरांना वाटतं ते स्वतःच्या कामाला निघाले होते. मी वाटू दिलं.

१३ नोव्हेंबर

"आलीस? आधी चहा घे."

गप्प बसा ना इरशादभाई!

१७ नोव्हेंबर

सर म्हणाले, "पुढच्या सोमवारपर्यंत जागा कर. नाहीतर बाहेरचा माणूस बोलावतो, तो सगळं धुऊन काढेल."

२० नोव्हेंबर

दुपारी बसले. जुन्या पिढ्या काढायचा हुकूम टाइप केला. एंटर तेवढं राहिलं.

यादीत त्या दोघी शेजारी शेजारी. बेचाळीस माझी, एकेचाळीस त्यांची. इतके दिवस मला वाटायचं, त्यांची आठवण म्हणून ठेवलंय. कसली आठवण! आज बोट बटणावर असताना कळलं. ही बेचाळीस काढली की मी काय केलं ते या वहीबाहेर कुठंच राहणार नाही. मग मी चाचींना कधीच सांगणार नाही. मी मला ओळखते ना. सुटले म्हणेन आणि शेंगा खात बसेन.

टाइप केलेलं पुसलं. आधी सांगायचं. मग काढायचं.

२२ नोव्हेंबर

उद्या रविवार. सकाळच्या एसटीनं ईट. आईला सांगितलं, मैत्रिणीकडं चाललेय. आणखी एक खोटं.

काय म्हणतील? हाकलतील. हाकलावंच. तोंडात मारली तरी चालेल. फक्त बेटी म्हणू नये.



२३ नोव्हेंबर

सांगितलं. उंबऱ्यातच, चपला काढायच्या आधी. तीनदा फोन करणारी मीच.

चाचींनी हात धरून आत बसवलं. मग —

"दोनदा वाजला तवा तो उठलाच न्हाय, बेटी. पहाटं रोज्याची सहरी खाऊन निजला होता. अंगात कणकण होती. तिसऱ्यांदा वाजला तवा म्या हलवून उठवला. 'अम्मी, झोपू दे' म्हणला. म्याच फोन हातात दिला — 'ऊठ रे, कुणाचं तरी लई अडलं असंल.' हे त्याच्या अब्बांना बी ठाव न्हाय. म्हणून विचारत फिरत होते, फोन कुणाचा. त्यो माणूस सवताला दोष देत असंल, उठवलं तर म्या. त्या माणसाची माफी मागायची होती."