सरदार जिन्यातून मागे फिरला

दादा,

तुझ्या कादंबरीचा पाचवा भाग वाचला. पंखवाल्या घोड्यांच्या राज्यातला तुझा बंडखोर सरदार प्रजेसाठी राजाशी लढतो आणि आजारी बाप बहिणीच्या गळ्यात टाकून जातो. पुस्तकवाला म्हणाला, "काय माणूस आहे हो, राग येतो आणि रडूही येतं." तीन वर्षं बाबांना कुशीवर वळवताना माझ्या कंबरेचा काटा ढिला झाला, तेवढ्यात तुझे चार भाग निघाले.

या भागात सरदार वेष पालटून गडावर येतो, जिन्यात थबकतो. आत बाप विचारतो, "आला का तो?" बहीण खोटंच सांगते, "निघालाय, पोचेलच. तोंड पुसू द्या आधी." ते ऐकून सरदार तसाच मागे फिरतो.

दादा, हे शब्द माझे आहेत, अगदी तोंड पुसण्यासकट. बाबा गेले त्या दुपारी खोलीत आम्ही दोघंच होतो, आणि मी हे कुणालाही सांगितलेलं नाही. दार तेवढं उघडं होतं.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही, तुझ्याच पुस्तकात ठेवते. न आलेल्या भावाला मी केव्हाच माफ करून टाकलं होतं. जिन्यातून परत गेलेल्याचं काय करू?

तुझी,
धाकटी