चाकांच्या खुर्च्यांचे आजोबा

ती. आईस, लांबूनच नमस्कार.

"ते तुझे कोण लागत होते?" असं तू फोनवर विचारलंस. मी त्यांना आजोबा म्हणायचे, एवढंच. माझ्या खोलीखाली राहायचे. इंजिनिअर म्हणून जन्मभर पूल बांधले आणि निवृत्तीनंतर दर रविवारी अंगणात अपंगांच्या चाकांच्या खुर्च्या फुकट दुरुस्त केल्या. मी मदतीला बसायचे. "तुझी पदवी राहू दे भिंतीवर, आधी तो नट आवळ," ते म्हणायचे.

नव्वदी ओलांडून, सोमवारी झोपेतच गेले. मला रडू आलं नाही. काळजी करू नकोस, मी वेळेवर जेवते, कामावर जाते. चव तेवढी कळत नाही.

आज रविवार. लोक खुर्च्या घेऊन आलेच. आजोबा गेल्याचं सांगितलं, तर एक आजीबाई म्हणाल्या, "मग तू कर. नुसती बघत काय उभी राहिलीस?" मी पाना घेतला. एक ब्रेक दोनदा चुकीचा बसवला, पण सगळ्यांची चाकं फिरली. पुढच्या रविवारीही लोक येणार आहेत.

बाबांचा खोकला थांबला का? मला तिकडे तुमच्याजवळ नोकरी मिळावी म्हणून त्यांनी किती उंबरठे झिजवले, ते मला ठाऊक आहे. त्यांना तूच सांग. ती नोकरी नको असल्याचं पत्र मी दुपारीच टपालपेटीत टाकलं.

तुझी,
थोरली