ऑटोजायरो आणि सामाईक बांध

मी, चिंतामण हरी निपुर्ते, वय अडुसष्ट, राहणार शेणवा, तालुका शहापूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता, शुद्धीवर राहून लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही याबद्दल गावात दोन मतं आहेत, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. फुप्फुसं मात्र वेल्डिंगच्या धुराने गेली, तेव्हा हे काम पुढे ढकलण्यात अर्थ नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. माझ्याजवळ मिळकत थोडी आणि राग पुष्कळ आहे. दोन्ही इथेच वाटून जात आहे.

राहतं घर आणि बँकेतली सगळी शिल्लक माझी पत्नी गिरजा हिला मिळावी. मी शेडमध्ये पाती घासत बसलो की ती दारात येऊन म्हणायची, "ह्या पंख्यापायी घरात पंखा नाय लावला तुमी." खरं आहे. शिलकीतून तिने आधी छताला पंखा लावून घ्यावा. उरलेले पैसे किती आहेत ते कोणाला सांगू नये, पोटच्या पोराला तर मुळीच नाही.

नाक्यावरचं गेट-ग्रिलचं दुकान, वेल्डिंग मशीन आणि सगळी हत्यारं मुलगा संदेश याला. तो कल्याणला असतो. गेल्या गणपतीत तो भंगारवाल्याला घेऊन आला आणि माझ्या ऑटोजायरोकडे बोट दाखवून म्हणाला, "हे पूर्ण किलोवर घेणार का?" मी तिथेच खुर्चीवर बसलो होतो आणि श्वासही घेत होतो. म्हणून घरामागची शेड आणि तिच्यातली एकही वस्तू त्याची नाही. दुकान त्याने खुशाल विकावं.

आता मूळ मिळकत. शेडमधलं ऑटोजायरो मी स्वतः आखून, स्वतः बांधलेलं आहे. त्याला गाव हेलिकॉप्टर म्हणतं आणि मला हेलिकॉप्टरशेठ. हेलिकॉप्टरची पाती इंजिन फिरवतं. माझ्या यंत्राचं इंजिन मागच्या छोट्या पंख्याने फक्त पुढे ढकलतं, वरची पाती वाऱ्याने आपोआप फिरतात. आधी हाताने फिरवून द्यायची, मग यंत्र जमिनीवर पळवायचं, म्हणजे समोरून येणारा वारा त्यांचा वेग वाढवत नेतो. त्यासाठी लांब, सपाट धाव लागते. हे मी ग्रामपंचायतीच्या पायरीवर, लग्नाच्या मांडवात आणि एका मयतीलासुद्धा समजावलं आहे. ऐकून सगळे एकच विचारतात, "कितीला पडला?"

हे ऑटोजायरो आणि ती शेड माझी पुतणी समीक्षा काळूराम निपुर्ते हिला मिळावी. ती मुरबाड आगारात एसटी चालवते. तिने एकटीने वेगळं विचारलं होतं, "मोठे बाबा, हवेत इंजिन बंद पडला तर?" मी म्हणालो, तरी पाती फिरत राहतात, यंत्र हळूहळू खाली येतं. ती म्हणाली, "मग घाटात माझ्या गाडीपेक्षा हाच बरा." त्याच दिवशी मी ठरवून टाकलं.

समीक्षासाठी सूचना. आराखडा शेडच्या भिंतीवर मूळ मापात काढलेला आहे, दिवाळीला त्या भिंतीवर चुना लावू नये. बैठक उंच दिसते म्हणून कोणी हसलं तरी ती खाली करू नये. इंजिनाचा धक्का आणि बसणाऱ्याचं वजन एका रेषेत असलं पाहिजे. धक्का वजनाच्या वरून आला तर यंत्र नाकावर पालथं होतं. पाती शिवणीच्या लाकडाची आहेत, ठाकूरवाडीच्या मंगळूच्या परड्यातल्या झाडाची. दर पावसाळ्यानंतर त्यांना बोटाने टिचकी मारून आवाज ऐकावा, बद्द आवाज आला तर पातं बदलावं. आणि नीट शिकल्याशिवाय, सरकारी परवानगी हातात आल्याशिवाय चाक जमिनीवरून सुटू देऊ नये.

आता माझा धाकटा भाऊ काळूराम.

वाटणीत आम्हाला शेजारी शेजारी भातखाचरं आली, मध्ये एक सामाईक बांध. भात कापून झालं की माझ्या हद्दीतले बांध मी सपाट करायचो, तरी धाव अपुरी पडायची. मी काळूरामला म्हणालो, एवढा बांध होळीपर्यंत काढू, पेरणीआधी माझ्या हाताने परत घालून देतो. तो म्हणाला, "दादा, आज बांध काढशील, न उद्या म्हनशील शेत माझाच. मला येडा समजतो काय रे?" सख्ख्या भावाला मी आकाशाबद्दल विचारत होतो आणि त्याला वाटलं मी हातभर जमीन मागतोय.

इंजिनाचा पट्टा जोडून पाती आधीच फिरवून घेतली असती तर कमी जागेत भागलं असतं. हे मृत्युपत्र तपासणाऱ्या वकीलबाईंनीही हेच विचारलं. पण त्याने वजन वाढतं, आणि काळूरामच्या बांधासाठी मी माझा आराखडा बदलणार नव्हतो.

माघात मी यंत्र बाहेर काढलं. उडायचं नव्हतं, फक्त पाती पुरत्या वेगाला येतात का ते पाहायचं होतं. येत होती. डोक्यावरचा फडफडाट जाऊन एकसारखा सूर लागला, पुढचं चाक हलकं झालं आणि मी ब्रेक दाबायला उशीर केला. भाताच्या धसकटांवर चाकं घसरली, बांध आडवा आला. यंत्र कुशीवर पडलं, पाती मातीत घुसली, माझं खुब्याचं हाड मोडलं. ओरडा ऐकून काळूराम धावत आला. चाकाने बांधाचं एक ढेकूळ उखडलं होतं. त्याने आधी ते उचलून जागेवर बसवलं, पायाने दाबलं, आणि मग मला हात दिला.

यंत्र मी पुन्हा उभं केलं. खुबा नाही झाला. ते ढेकूळ मी विसरलो नाही आणि त्याला माफही केलेलं नाही. हे वाचून दाखवणाऱ्याने हे वाक्य गाळू नये.

माझ्या वाटणीची सगळी खाचरं काळूराम हरी निपुर्ते याला मिळावीत. वकीलबाईंनी दोनदा विचारलं, मी दोनदा हेच सांगितलं. बांध दोन मालकांच्या मध्ये असतो. दोन्ही बाजूंना त्याचंच नाव लागल्यावर तो कोणाची हद्द राखणार? सपाट केला तर तेवढं भात जास्त लावता येतं, हे त्याला माझ्याआधी सुचेल आणि कुदळ तो स्वतः उचलेल. अट एकच. भात कापल्यापासून होळीपर्यंत ती सगळी जमीन समीक्षाला यंत्र पळवायला मोकळी ठेवावी. अट मान्य नसेल तर माझी खाचरं संदेशला जावीत. संदेश ती महिन्याभरात फार्महाऊसवाल्याला विकेल, आणि मग काळूरामने आपल्या बांधावर बसून तारेचं कुंपण बघत राहावं.

समीक्षाने पहिल्यांदा जमीन सोडली की काळूरामने बांध होता त्या जागी उभं राहून वर बघावं. तेवढीच माझी भरपाई.

माझ्या दिवसकार्याला कोणी हेलिकॉप्टर हा शब्द काढू नये.

शेवटचं. साक्षीला मी काळूरामला बोलावलेलं नाही. सख्खा भाऊ शेजारी असताना परक्यांच्या सह्या घेणं म्हणजे शेणव्यात तोंडावर दार लावण्यासारखं आहे. त्याला ते कळलं आहे आणि परवापासून तो माझ्या ओट्याकडे न बघता जातो. गिरजा म्हणते, "मरताना तरी भावाला येवढा लांब ठेवू नका." मी तिला कारण सांगितलेलं नाही. वकीलबाई म्हणतात, ज्याला मिळकत मिळायची आहे त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये. काळूराम, तुला बोलावलं नाही ते एवढ्यासाठीच. हे तुला वाचून दाखवतील तेव्हा मी नसेन. तोवर रागावून राहा, मीही राहिलो.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि खालील दोघांच्या समोर सही केली आहे.

(सही) चिंतामण हरी निपुर्ते

साक्षीदार:
१. मंगळू कोंडू वाघ, ठाकूरवाडी (डाव्या अंगठ्याचा ठसा)
२. डॉ. साईनाथ धानके, शहापूर (सही)

ठिकाण: शेणवा, ता. शहापूर, जि. ठाणे
दिनांक: २ डिसेंबर २०२४