न्हाणीघर कोरडे होते

दांडिया बाजार, बडोदे
१२ फेब्रुवारी २००४

प्रिय माधवदादा,
नमस्कार. इकडे बाबांची तब्येत बरी. तुझी पुण्याची परीक्षा नीट झाली असेल.

मागच्या पत्रातली एक चूक दुरुस्त करते. आई न्हाणीघरात घसरली असे मी लिहिले. ते मी पाहिले नव्हते, बाबांनी सांगितले ते लिहिले. पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे लिहायचे, हे आजोबांनी आपल्याला याच घरात शिकवले होते. त्या सकाळी टॉवेल सुका होता. बादली काठोकाठ भरलेली होती.

काल मात्र मी पाहिले. माझ्या साखरपुड्याची बोलणी करायला गोविंदचे वडील, म्हणजे आपले डॉक्टरकाकाच, आले होते. त्यांच्यासाठी पाणी आणायला आई खुर्चीवरून उठली आणि तिचा ऑपरेशन केलेला गुडघा बाजूला निसटला. नडगी भलतीकडेच गेली. डॉक्टरकाकांनी तिला बसवले, पाय ओढून सांधा जागेवर आणला आणि शांतपणे म्हणाले, "वहिनी, न्हाणीघरात घसरलात ना, त्याचंच हे."

आई "हो" म्हणाली. गुडघ्याकडे नाही, माझ्याकडे बघून. बाबांनी चिवड्याची बशी पुढे सरकवली.

घरचा माणूस म्हणून आपण त्यांच्याकडूनच गुडघा बदलून घेतला. आता घरच्या माणसाला कोण विचारणार? दुसऱ्या डॉक्टरला दाखवू म्हटले की बाबा वर्तमानपत्र उघडतात. येणाऱ्या प्रत्येकाला आई विचारण्याआधीच न्हाणीघर सांगते, बाबांच्याच शब्दांत.

ते गेल्यावर दुपारी मी तिला एकटीला गाठले. पोळ्या लाटताना ती ओट्याला कंबर टेकून उभी होती. दिवाळीपासून असे होते म्हणाली. "मेला जावयासारखा रुसतो. चुचकारला की येतो जागेवर." मी हसले नाही. मग ती म्हणाली, "तुझा साखरपुडा होऊ दे. पाय कुठे पळून जातोय?"

म्हणजे ती माझ्यासाठी गप्प आहे.

एक गोष्ट लिहायची टाळत होते. गोविंदचा फोन आला होता. न्हाणीघराची फरशी बदलून घ्या म्हणाला. त्याला खरोखर तसे वाटते, की त्यालाही तेच सांगायला शिकवले आहे? आवाजावरून कळले नाही. दादा, मला तो आवडतो. म्हणूनच मी पुन्हा पुन्हा तो आवाज आठवून तपासते आहे.

फोन बैठकीत असतो, म्हणून पत्र. इथे समा भागात एक हाडांचे डॉक्टर आहेत, त्यांची वेळ घेतली आहे. पाय कसा निसटला विचारतील, तेव्हा मी पाहिले तेच सांगेन. लग्न मोडले तर मोडले, हे वाक्य लिहून खोडले होते. पुन्हा लिहिते आहे.

आईला खोटे सांगून नेणार नाही. आज सकाळीच सांगितले. ती नको म्हणाली नाही. कोणती साडी नेसू, एवढेच विचारले.

जमले तर आदल्या दिवशी ये, तिला जिन्यावरून उतरवायला दोघे लागतील. नाही जमले तरी साखरपुड्याच्या रविवारपर्यंत मी थांबणार नाही.

तुझी,
चारू

ता. क. समाच्या डॉक्टरांची वेळ: मंगळवार, १७ फेब्रुवारी.