हरकत हाय

कोल्हापूर, १२ ऑगस्ट १९७६

नको ते बोलून बसलो. लेथ मशीन परदेशी पाठवायचं तर यापुढं नवा फॉर्म भरायचा. त्यावर आम्हा कारखानदारांच्या हरकती ऐकायला आज मुंबईहून साहेब आले होते. मशीनचा तिकडं उपयोग काय होणार, तेही म्हणे आम्हीच लिहून द्यायचं. मीच उठलो.

"पावणं, माझी हरकत हाय. गिऱ्हाईक त्यावर पंपाचा शाफ्ट काढंल न्हायतर बंदुकीची नळी, मी हितं बसून काय सांगू?"

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. पेनचं टोपण काढून हळूच म्हणाले, "आपलं नाव?"

या आणीबाणीत बंदुकीचं नाव कशाला घेतलं मी? पंपावरच थांबलो असतो तर... आणि ते टोपण. तोवर कुणासाठी काढलंच नव्हतं.

घरी येऊन हिला सांगितलं.

"नाव खरं सांगितलंसा?"

"व्हय की."

दिवेलागणीला लक्ष्मी येते म्हणून ही कधी दार लावू देत नाही. आज तुळशीपुढं दिवा ठेवून आत आली, आणि तिनंच कडी घातली.